मंडईच्या रात्रीच मुंबईचं तिकीट

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातला 27 वर्षांचा तरुण. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, घरी अडीच एकर धान. गाणी ऐकणं हे त्याच्या शब्दांत 'एकच व्यसन'. कॉलेजपासून ज्या गायकाला तो ऐकत आलाय, त्याचा नोव्हेंबरात नवी मुंबईच्या स्टेडियमवर कार्यक्रम आहे. तीन फोन समोर ठेवून ऑनलाइन रांगेत बसून त्याने 6,500 रुपयांचं तिकीट मिळवलं. घरी सांगताना ते 1,500 चं झालं. मग गावच्या मंडळाने मंडईची (दिवाळीनंतरच्या गावजत्रेची) तारीख ठरवली आणि ती नेमकी त्याच शनिवारी आली. मंडईच्या रात्री गावात खडी गंमत, म्हणजे उभ्याने पहाटेपर्यंत चालणारा गाण्या-बतावणीचा लोकनाट्याचा खेळ असतो. त्याचे वडील, वय 61, तीसेक वर्षं त्या गमतीत ढोलकी वाजवतात. आता बोटं आखडतात. 'औंदा शेवटली,' असं ते यंदा म्हणाले. मुलाने मुंबईचं काढलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, 'जाय ना बापू. तुह्यासाठी इथं का ठेवलं आहे?'

तो पुढे लिहितो: 'ताई, गमतीत असतं काय? पेटी एका सुरात, शाहीर दुसऱ्या, ढोलकी तिसऱ्या. चाली सिनेमाच्या उचललेल्या. भोंगे फाटलेले. तुणतुणं धरणारे काका आखाडात वारले, तेव्हापासून तर घरात सुतक असल्यासारखंच वातावरण आहे. दहावीपर्यंत मीच कधीमधी तुणतुणं धरायचो, मग मित्र हसायला लागले. खरं संगीत ऐकायचं तर मुंबई-पुणं गाठावं लागतं. तिथे कलाकाराला मान असतो. आई सांगते, बाबासुद्धा तरुणपणी मळणी टाकून सायकलने वडशाला नाटक पाहायला पळायचे, पण तो जमाना वेगळा. मी चुकीच्या गावात जन्मलो असं वाटतं. जाऊ की थांबू? आणि गेलो तर बाबांना कसं समजावू?'

उत्तर:

तुझं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं गाण्यांवर, अर्धं पान वडिलांवर. ('तू' म्हणते, राग मानू नको. तुझ्याच वयाचा भाचा आहे मला आणि तो माझ्याकडून उसने पैसे घेऊन असल्याच कार्यक्रमांना जातो.) साडेतीन पानं मी आवडीने वाचली. कान आहे तुला. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी बासरी अर्धी मात्रा उशिरा येते आणि म्हणूनच ती गोड लागते, असं तू लिहिलंस. मी ते गाणं पुन्हा लावून बघितलं. येते खरी उशिरा. पण माझं मन अडकलं ते त्या अर्ध्या पानात, कारण तिथे तू फार घाई केली आहेस.

पैशाचं आधी उरकून टाकू. 6,500 चं तिकीट. वर बुकिंगचं शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला नसेल तर तोही. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने जाणं-येणं. एका रात्रीचा मुक्काम. स्टेडियमच्या आत पाण्याच्या बाटलीला मोजावे लागतील ते. दहा हजारांच्या आसपास जाईल. तुझ्या मानधनाच्या मानाने हा खर्च जड आहे, पण गुन्हा नाही. दिवसाला तीन खर्रे (तंबाखू-सुपारी) घोटून खाणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी वर्षाचा हिशेब विचारत नाही आणि गाण्याला पैसे दिले की सगळी आळी हिशेबनीस होते. तुझे पैसे आहेत, तू कमावलेस, तुला हवे तिथे घाल. ते 1,500 मात्र दुरुस्त कर, मंडईच्या आधी, आईसमोर. तिकिटाची किंमत लपवावीशी वाटली, कारण तुलाच ती पटवून देता येत नव्हती. पटवून देऊ नकोस. नुसती सांग. एक दिवस बोलणी खाशील.

आता गमतीतल्या बेसूरपणाचं.

खोटं कशाला बोलू, मी ब्रह्मपुरीकडची आहे, आणि काही गमती अर्ध्यावर सोडून घरी येऊन झोपलेही आहे. शाहीर दारू पिऊन आला की ऐकवत नाही. भोंग्यांबद्दलही तुझं बरोबर आहे. पण एक गोष्ट तुझ्या कानातून निसटली. कार्तिकातल्या रात्री दव पडतं. दवाने चामडं सैल होतं, ढोलकीचा सूर रात्रभर खाली सरकत जातो. डफवाला शेकोटीजवळ जाऊन डफ का तापवून आणतो, ते तू लहानपणापासून बघितलं असशील. ढोलकीवाला दोन गाण्यांच्या मधल्या बतावणीत ठोकठोक करून पुन्हा सूर मिळवतो, पेटीचा सूर तर जागचा हलत नाही, आणि शाहिराचा गळा पहाटेकडे आपोआप उतरतो. म्हणजे तिघं तीन जागी असतात आणि तुझे बाबा त्यांना रात्रभर एका जागी ओढून धरत असतात. तू ज्याला 'तिसरा सूर' म्हणतोस, तो बहुधा या ओढाताणीतला एखादा क्षण आहे. बासरीची अर्धी मात्रा ऐकणाऱ्या माणसाने हे एकदा ढोलकीजवळ बसून ऐकायला हवं.

दुसरी बाजू तुझ्या हेडफोनची. 1997 मध्ये ऑटो-ट्यून नावाचं सॉफ्टवेअर आलं. गाताना सूर जरा इकडेतिकडे झाला तर तो ओढून जागेवर बसवणारं. पुढे असली साधनं स्टुडिओत रोजची झाली. तू ज्या सुरावर वाढलास तो असा घासून गुळगुळीत केलेला सूर आहे. वाईट नाही, पण तो माणसाच्या गळ्यातून तसा निघत नाही. मोठ्या कार्यक्रमांतही बरंच काही आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. वादकाच्या कानात ठोके वाजत असतात आणि तो त्या ठोक्यांबरोबर चालतो. गायकाला वाटलं म्हणून एक कडवं दोनदा घ्यायचं, हे तिथे सहज होत नाही. गमतीत शाहीर समोर बसलेल्या सरपंचाकडे बघून ओळ बदलतो आणि ढोलकी त्याच्यामागे पळते.

मी स्वतः एकदा असं तिकीट काढून गेले होते. स्टेजपासून शंभरेक मीटरवर उभी. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, म्हणजे स्टेजवरचा आवाज माझ्यापर्यंत यायला जवळजवळ तृतीयांश सेकंद लागत होता. म्हणून मैदानाच्या मध्ये खांबांवर वेगळे स्पीकर लावतात आणि ते मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकमेकांत गुंतत नाही. हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने समजावलं. तो साऊंडचं काम शिकत होता. गायक अंगठ्याएवढा दिसत होता. दोन तास मी पडदाच पाहिला. आणि तरीही, शेवटच्या गाण्याला गायकाने माईक लोकांकडे धरला, हजारो माणसं एकदम गायला लागली, तेव्हा मी रडले. बाजूचा मुलगाही रडला. म्हणून मी तुला 'त्यात काही नसतं' असं म्हणणार नाही. त्यात जे असतं ते घरी हेडफोनवर मिळत नाही. मंडईतही मिळत नाही.

चाली उचलण्याबद्दल. भजनांच्या छापील पुस्तकात गाण्याच्या डोक्यावर 'चाल' लिहून दुसऱ्या गाण्याचे शब्द दिलेले असतात, ते बघितलंस कधी? शाहिराला हुंड्यावर, दारूवर, धानाच्या बोनसवर दोन दिवसांत गाणं बांधायचं असतं. चाल लोकांच्या ओठावरची असली की त्यांचं लक्ष शब्दांवर राहतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये मराठी संगीत नाटक उभं केलं, तेव्हा कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकी नाटकांतल्या चाली घेतल्या. 1911 मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमऱ्यांच्या वाटेने नाट्यपदं बसवली. ती आज आपण अस्सल मराठी म्हणून डोळे मिटून ऐकतो. उसन्या चालीत वाईट गाणं होतं आणि चांगलंही होतं. तुझ्या गावच्या शाहिराचं कोणतं आहे, ते शब्द ऐकल्याशिवाय कळणार नाही, आणि पत्रात तू त्याची एकही ओळ दिलेली नाहीस.

'तिथे कलाकाराला मान असतो' हे तुझं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. कुणाला मान असतो? पोस्टरवर ज्याचा फोटो आहे त्याला. त्याच्या मागे गिटार धरून उभा असलेला पोरगा कोण, हे पोस्टर सांगत नाही. तू दर महिन्याला अ‍ॅपला पैसे भरतोस, ते तू ऐकलेल्या गायकाकडे जातात असं तुला वाटतं. बहुतेक अ‍ॅपमध्ये सगळ्यांचे पैसे एकाच रांजणात पडतात आणि एकूण किती लोकांनी काय ऐकलं त्या प्रमाणात वाटले जातात. तू महिनाभर एकाच अनोळखी गायकाला ऐकलंस, तरी तुझ्या पैशाचा मोठा वाटा ज्यांची गाणी लग्नाच्या वरातीत वाजतात त्यांच्याकडे जातो. आणि ज्या सिनेमाच्या गाण्यांवर आपण वाढलो, त्यांच्या गीतकार-संगीतकारांना कित्येक वर्षं एकरकमी पैसे घेऊन हात झटकावे लागत. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हा कुठे असं ठरलं की सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर त्याच्या रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. इतकी नावाजलेली माणसं असून भांडावं लागलं.

आणि ज्या पट्ट्यात तू 'चुकून' जन्मलास, तिथे काय चाललंय बघ. वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, तुझ्या बाबांच्या सायकलच्या टप्प्यातलं. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीपासून होळीच्या पुढेमागेपर्यंत त्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पालथं घालतात. गावचं मंडळ कंपनीशी रक्कम ठरवतं, मंडप घालतं, तिकीट विकतं. फायदा झाला तर देवळावर पत्रे चढतात, तोटा झाला तर मंडळाची पोरं वर्षभर तोंड चुकवतात. लोक घोंगडी पांघरून रात्रभर बसतात, तिकीट काढून. पेटी-तबला जागच्या जागी वाजतो. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या, म्हणजे आपल्या या भागातल्या नाटकांतल्या कामासाठी. खेड्यातल्या माणसाने गाण्याला आणि नाटकाला पैसे मोजणं ही तुझ्या भागातली जुनी सवय आहे. तू रांगेत तीन फोन घेऊन बसलास, तुझे बाबा मळणी टाकून सायकल हाणत गेले. 'तो जमाना वेगळा' म्हणून तू ती ओळ सोडून दिलीस. मला तरी दोघांत फरक दिसला नाही, फक्त तुझ्या सायकलला जीएसटी लागला.

मान मोजायचा तर घरापासून मोजू. त्या गायकाच्या ड्रमरचं नाव तू पत्रात लिहिलंस. तुझ्या गावच्या शाहिराचं नाव लिहिलं नाहीस. बाबांना एका रात्रीचे किती मिळतात, तेही नाही. मला वाटतं तुला माहीत नसावं.

आता ते अर्धं पान. 'तुणतुणं धरणारे काका आखाडात वारले.' हे तू घरातल्या वातावरणाबद्दल सांगताना, जाता जाता लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस की दहावीपर्यंत मी धरायचो. दोन ओळी शेजारी शेजारी आहेत आणि तुला त्यांचा संबंध दिसलेला नाही, किंवा दिसूनही तू पुढे गेलास. म्हणजे या वर्षी गमतीत तुणतुण्याची जागा रिकामी आहे.

तुणतुण्याला कुणी मोठं वाद्य म्हणत नाही. एक तार, एक सूर. ज्याला काही येत नाही त्याला तुणतुणं द्या, असं म्हणून लोक हसतात. तुझे मित्र हसले ते त्यालाच. पण दवाने ढोलकी खाली सरकत असताना या एका तारेने एकच सूर धरून ठेवायचा असतो, आणि शाहीर दर कडव्याला तिच्याकडे परत येतो. ढोलकीवाल्याला तर तुणतुणेवाला सवयीचा असावा लागतो. नवा माणूस लय ओढतो किंवा ढकलतो, आणि मग आखडलेल्या बोटांना दुप्पट काम पडतं.

तू मला विचारतोस, श्रोता म्हणून कुठे बसू, स्टेडियमवर की मंडईत. मला शंका आहे की बाबांना तू श्रोता म्हणून नकोच आहेस. 'तुह्यासाठी इथं का ठेवलं आहे' याचा अर्थ तू लावलास: गाव तुच्छ आहे हे बाबांनीही मान्य केलं, किंवा टोमणा मारला. तिसराही अर्थ निघतो. त्यांना काहीतरी मागायचं होतं, मुलाच्या तोंडावर मुंबई दिसली, आणि त्यांनी न मागताच हात मागे घेतला. माझा अंदाज चुकीचाही असेल. मी त्यांना भेटलेली नाही.

म्हणून 'मी थांबू का?' असं त्यांना विचारू नकोस. उत्तर 'जाय' हेच येईल, आपल्याकडचे बाप दुसरं उत्तर देत नाहीत. संध्याकाळी ते ढोलकी काढून बसतील तेव्हा जवळ बसून एवढंच विचार: 'तुणतुण्यावर कोण आहे औंदा?' बाजूच्या गावच्या कुणाचं नाव सांगितलं, म्हणजे माणूस ठरला आहे. मग निवांत मुंबईला जा, मागे वळून पाहू नकोस. 'पाहू' म्हणाले, किंवा ढोलकीच्या कड्या आवळत बसले आणि बोललेच नाहीत, तर जागा तुझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. तशात मी तिकीट सोडलं असतं. तो गायक पुन्हा येईल. धंदा आहे त्याचा, यावंच लागेल. बाबांच्या 'शेवटल्या'वर मात्र माझा पूर्ण विश्वास नाही हेही सांगून ठेवते, कारण आमच्याकडचा एक ढोलकीवाला हे वाक्य पन्नाशीपासून म्हणत होता आणि सत्तरीत वाजवत होता. पण बोटं आखडल्याचं तू डोळ्यांनी पाहिलंस, ते खरं धर.

आणि थांबलास तर हुतात्मा होऊन थांबू नकोस. रात्रभर 'तिकडे आता अमुक गाणं सुरू असेल' असं मनात चाललं, तर ते तारेत उतरतं, आणि बाबांना कळतं. तसं होणार असेल तर सरळ गाडीत बस. मंडया सगळ्या गावांच्या एकाच दिवशी नसतात, म्हणूनच दुकानवाले आणि कलावंत या गावाहून त्या गावाला जाऊ शकतात. बाबांची गंमत दुसऱ्या एखाद्या गावात असेल, तिथे पूर्ण रात्र जा. गावच्या मंडईतली मजा तिथे नाही, हे खरं: आपल्या गावात आत्या येतात, मामेभाऊ येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि ढोलकीवाला या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाजवतो. पण काहीच न ऐकण्यापेक्षा बरं.

जाणार असशील तर, आणि गावाकडून जाणाऱ्या सगळ्यांसाठीच, काही सांगते. तिकीट मोबाइलवर येणार की मनगटावर बांधायचा पट्टा कुरिअरने येणार, ते आत्ताच बघ; काही कार्यक्रमांना पट्टा घरपोच पाठवतात आणि आपल्या पिनकोडवर कुरिअरवाला येत नाही, म्हणून ओळखीच्या शहरातल्या माणसाचा पत्ता देऊन ठेव. उघड्यावरचे कार्यक्रम बहुधा रात्री दहाला संपतात, आणि एकाच वेळी सगळं मैदान नेरूळ स्टेशनकडे निघतं. परतीचं रिझर्वेशन त्या रात्रीचं ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशीचं ठेव. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात. तुझं सगळं भांडवल कान आहेत, ते स्पीकरसमोर उघडे टाकू नकोस. डीजेच्या गाडीमागे नाचताना हे कुणी पाळत नाही, ठाऊक आहे मला.

तिकीट सोडायचं ठरलं तर जिथून काढलंस तिथेच आधी बघ, नाव बदलण्याची किंवा परत विकण्याची सोय आहे का. नसेल तर ओळखीच्या माणसाला दे, दोन पैसे कमी आले तरी चालतील. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर विकू नकोस आणि कधी घेऊही नकोस. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकला जातो, जो आधी गेटवर पोचेल तो आत, उरलेले चार बाहेर उभे राहून गाणं ऐकतात.

अर्जुनी मोरगावकडच्या एका मुलीचंही पत्र याच विषयावर आलंय, तिला घरचे अशा कार्यक्रमाला मुंबईला पाठवत नाहीत. तिला इथेच सांगते: बाई गं, सुरुवात मुंबईपासूनच का? नागपुरात दर हिवाळ्यात खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो, नावाजलेले गायक येतात. मावशी, मैत्रीण किंवा नाराज वडील, कुणालातरी सोबत घे. नाराज वडील सर्वांत बरे. तिथे गेल्यावर तेच जास्त गुणगुणतात, असा माझा अनुभव आहे.

तुझ्याकडे परत येते. गेलास किंवा राहिलास, दोन कामं तुझ्या हातची आहेत आणि ती गावात दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत.

पहिलं काम: बाबांची ढोलकी रेकॉर्ड कर. मंडईच्या रात्री नको, भोंगे आणि पोंगे सगळं बिघडवतील. दुपारी, पंखा बंद करून, घरातल्या मातीच्या खोलीत. फोन ढोलकीच्या नाकासमोर ठेवू नकोस, तीन-चार हातांवर, गादीवर ठेव. बोल तोंडाने म्हणायला लाव आणि मग वाजवायला लाव. एकदा तुझ्या गायकाचं गाणंही त्यांना ऐकव आणि विचार, ठेका कोणता. असली बहुतेक गाणी शेवटी केरवा किंवा दादराच निघतात, ते लगेच सांगतील आणि वर ड्रमरने कुठे हात आखडला तेही सांगतील. शाहिराच्या वहीचे फोटो काढ, गाणं कुणी बांधलं ते त्या त्या पानावर लिही. यूट्यूबवर टाकण्याआधी मात्र गमतीतल्या प्रत्येकाला विचार. कायदा कलावंताला त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क देतो, तुणतुणेवाल्यालासुद्धा. आणि चाल सिनेमाची असेल तर व्हिडिओवर कंपनीचा दावा येईल, कमाई तिकडे जाईल. म्हणून गावच्या जुन्या चालींपासून सुरू कर.

दुसरं काम तर तुझ्या खुर्चीतलंच. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. महिन्याला 5,000 रुपये. वय 50 च्या वर, कलेत किमान 15 वर्षं, आणि उत्पन्नाची अट आहे. तुझ्या मानधनामुळे तुमचं घर त्या अटीत बसतं की नाही ते बघावं लागेल. शाहिराचं किंवा डफवाल्याचं बसेल. अर्ज ऑनलाइन करायचा आणि कलेचे पुरावे जोडायचे. पुरावे म्हणजे नाव छापलेली मंडईची पत्रकं, जुने फोटो, प्रमाणपत्रं. गावातल्या प्रत्येकाचा अर्ज तू भरतोस. गमतीतल्या किती जणांचा भरला?

तुणतुणं काकांच्या घरी असेल. आणायला आजच जा, काकूंना विचारून घे. दहावीनंतर तुझी बोटं मऊ झाली आहेत, दोन तासांत फोड येतील, आणि खडी म्हणजे उभ्यानेच, पहाटेपर्यंत. तेव्हा आठ दिवस आधीपासून रोज हात लाव. तार गंजली असेल तर बदल, आणि एक जास्तीची खिशात ठेव.